खिडकीजवळची खाट

डिझायनर मुलीने नकाशाची गुंडाळी जेवणाच्या टेबलावर सोडली, तशी कागदाची टोकं पुन्हा आत वळायला लागली. ट्रेसरबाईंनी कोणी न सांगता साखरेचा डबा एका कोपऱ्यावर ठेवला, पाण्याचा जग दुसऱ्यावर, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांवर आपले पंजे दाबून त्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

"आई, तुम्ही कशाला त्रास घेता," सून म्हणाली. "मी नंतर तुम्हाला नीट समजावून सांगते."

बाई नुसत्या हसल्या. चोवीस वर्षं एका ऑफिसात बसून त्यांनी लोकांच्या घरांचे नकाशे शाईने गिरवले होते. कॉम्प्युटर आले तेव्हाच त्यांच्या हातातलं पेन सुटलं. 'ट्रेसरबाई' हे नाव तिथलंच. तशी हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्या स्वतःच कधीमधी मनात स्वतःला तशी हाक मारून घेत. सुनेच्या लेखी त्या म्हणजे गुडघेदुखी, दुपारची गोळी आणि गॅलरीतल्या कुंड्या. त्यात सुनेचं फारसं चुकत नव्हतं, आणि गोळी आठवणीने देणारीही तीच होती.

घर इनमिन दोन खोल्यांचं, त्याला एक स्वयंपाकघर आणि हातभर गॅलरी. माणसं चार. नात तेरा वर्षांची झाली होती आणि अजून आजीच्या खाटेशेजारी खाली गादी टाकून झोपत होती. वही मांडीवर घेऊन अभ्यास करायची, मैत्रिणींना घरी आणायला लाजायची. गेले चार महिने सून फोनवर छोट्या घरांची चित्रं गोळा करत होती. भिंतीत मिटणारे पलंग, पायऱ्यांच्या पोटात बसवलेले कप्पे, गॅलरीत भिंतभर चढवलेली बाग. जेवताना ती सगळ्यांना दाखवायची, आणि बाईंनाही ती चित्रं मनापासून आवडायची. एकदा पलंगाचं कपाट झालेलं पाहून त्या म्हणाल्या होत्या, आमच्या वेळी असलं काही असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी भाताबरोबर गिळलं होतं.

डिझायनर मुलगी पेन्सिलीच्या टोकाने एकेक जागा दाखवत होती. बाईंच्या बाजूने कागद उलटा होता, पण ट्रेसरला त्याचं काय? त्यांचे डोळे सवयीने खाटा मोजायला लागले. आतल्या खोलीत मुलगा-सुनेचा पलंग. बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ, जिथे आज बाईंची खाट होती, तिथे नातीचा उंचावरचा पलंग, त्याच्याखाली टेबल, उजवीकडे शिडी, शिडीला लागून कपाट. समोर सोफा. बाईंनी बोटाच्या पेराने सोफ्याची रुंदी अजमावली. दोन फुटांच्या आतच. त्यावर बसता आलं असतं, झोपता नाही.

तरी त्यांनी धीर सोडला नाही. जी वस्तू असते पण वरून दिसत नाही, ती नकाशात तुटक रेषेने काढतात. मिटलेला पलंगही तुटक रेषेनेच दाखवणार. मग त्या तांदळातला खडा शोधावा तशा तुटक रेषा शोधायला लागल्या. स्वयंपाकघराच्या दारावर एक सापडली, तो माळा निघाला. सोफ्याच्या बाजूला दुसरी दिसली आणि त्यांचा श्वास जरा मोकळा झाला, तेवढ्यात डिझायनर मुलगीच म्हणाली की हे भिंतीत मिटणारं जेवणाचं टेबल. टेबलाभोवती खुर्च्या काढल्या होत्या. तीन.

राहिली गॅलरी. तिथे चिमुकली वर्तुळं होती, एकाखाली एक अशा तीन रांगांत. बाईंनी मोजली, अकरा भरली.

"कुंड्या सगळ्या आल्या की," त्या म्हणाल्या.

"हो ना. ताईंनी बजावलं होतं, आजींच्या आहेत, एकही टाकायची नाही."

सून उठली आणि चहा ठेवायला आत गेली. सगळ्यांचे कप अजून अर्धे भरलेले होते. मुलगा खिडकीच्या गजाला लागलेला गंज नखाने खरडत उभा राहिला.

बाईंना सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, आणि उत्तर आलं की ते परत पाठवता येत नाही. त्यापेक्षा झाकली मूठ बरी. ऑफिसातले मोठे साहेब म्हणायचे, कागदावर नाही ते घरात नाही. तेव्हा ते कपाटं आणि मोऱ्यांबद्दल बोलत असत.

डिझायनर मुलीची अडचण वेगळीच होती. उंचावरचा पलंग भिंतीत बोल्टाने ठोकायचा, तर त्या भिंतीतून पाण्याचा पाइप कुठून जातो ते कळायला हवं. मुलाला ते माहीत नव्हतं, बिल्डर कधीच धंदा बंद करून गेला होता. कुठे जुना नकाशा असता तर, असं ती म्हणाली.

"माझ्याकडे आहे," बाई बोलून गेल्या.

खरं सांगायचं तर त्यांना कामाला यायचं होतं. ज्याचा उपयोग होतो त्याला कोणी सहजी बाजूला काढत नाही, असला काहीतरी खुळा हिशेब त्यांच्या मनात चालला असावा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते कळायला अजून दोन मिनिटं होती.

मुलाने कपाटावरची पत्र्याची लांब नळी काढून दिली. आतला ट्रेसिंगचा कागद चौतीस वर्षांत पिवळा पडला होता, शाई मात्र काल घातल्यासारखी काळी. डिझायनर मुलगी अक्षरशः जागेवरून उठली. हे सगळं हाताने काढलंय, असं तिने दोनदा विचारलं. पाइप सापडला, त्याच्या बाजूला बाईंच्या अक्षरात त्याचं अंतरही होतं. बाई पाठ सरळ करून बसल्या. या घरात किती वर्षांनी त्यांच्याकडे कोणी असं पाहत होतं.

बारीक आकडे वाचायला मुलीने कागद खिडकीच्या काचेवर धरला. उजेड त्यातून आरपार आला.

"आजी, इथे काय होतं? कागद विरलाय इथे."

ट्रेसिंगवर चूक झाली की शाई ब्लेडने खरवडून काढत. रेषा जाते, पण तिथला कागद कायमचा पातळ होतो. टेबलावर काही दिसत नाही. उजेडात धरलं की लख्ख दिसतं.

"खाट होती," बाई म्हणाल्या.

"कुणाची?"

"माझ्या सासूबाईंची."

हे घर घेतलं तेव्हा हा नकाशा महिनाभर जुन्या घरातल्या टेबलावर पडून होता. सासूबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझी खाट कुठे गं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आणि बाईंनी त्यांचं बोट धरून खिडकीजवळ टेकवलं. पुढच्या आठवड्यात बाईंचं आणि त्यांच्या नवऱ्याचं काय ते ठरलं आणि एका दुपारी बाईंनी ब्लेड घेऊन खाट खरवडली. सासूबाई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला नकाशापाशी नेत राहिल्या. सुनेने काढलाय, असं कौतुकाने सांगायच्या आणि त्या कोऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवायच्या. ही माझी खाट, खिडकीजवळ. बाई तिथेच भाजी निवडत असायच्या. सामान हलवायच्या दिवशी सासूबाईंची ट्रंक वेगळ्या गाडीत चढली, तेव्हा त्यांना कळलं. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांची चांगली सोय होती, बागही मोठी होती. तिथे त्यांनी आठ महिने काढले.

त्या गाडीत त्यांच्या शेजारी नऊ वर्षांचा नातू बसून गेला होता. आता तो गजापाशी उभा होता आणि त्याचं नख थांबलं होतं.

"मग काढली का?" डिझायनर मुलीने विचारलं. तिच्या आवाजात निव्वळ धंद्यातलं कुतूहल होतं.

"बसत नव्हती."

मुलीने मान वळवून खोलीच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं. पायथ्याशी घडी केलेली चादर, उशाजवळ चष्म्याचं घर.

"पण तुमची खाट तिथेच आहे ना?"

सून चहाचं भांडं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुलगी एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिली, आणि मग तिने कागद काचेवरून हळूच खाली घेतला.

"आई," मुलगा म्हणाला. तो बाईंकडे पाहत नव्हता. "आम्ही तुला सांगणारच होतो."

"मीही त्यांना सांगणारच होते," बाई म्हणाल्या.

त्यांनी जुना कागद गुंडाळून नळीत सारला, झाकण दाबून बसवलं. मग नवा नकाशा स्वतःकडे सरळ फिरवून घेतला आणि मुलीच्या हातातली पेन्सिल मागितली.

"ही शिडी डावीकडे घ्या," त्या म्हणाल्या. "कपाटाचं दार आपटेल तिच्यावर. पोरगी उतरत असली तर लागेल तिला."