नकारघंटेचा राजीनामा

बँकेत तिला सगळे पाठीमागे नकारघंटा म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मोठमोठ्या कंपन्यांचे कर्जाचे अर्ज तिच्या टेबलावर येत आणि त्यातली पोकळ जागा ती बरोबर हुडकून काढी. पगार घसघशीत, खुर्ची मऊ, खिडकीबाहेर दोन झाडं. दुःख एवढंच, की तिने 'नाही' लिहून वर पाठवलेली फाइल 'हो' होऊन परत येई. कोणी फिरवली, ते कधीच कळत नसे. "समितीचं तसं मत पडलं," असं तिचे साहेब सांगत. जणू मत म्हणजे पाऊस. पडतो, कोणी पाडत नाही.

तिचा धाकटा दीर एका सल्लागार कंपनीत भागीदार होता. एका रविवारी तो जेवायला आला आणि हात धुता धुता म्हणाला, "वहिनी, त्या बँकेत काय सडत बसलाय? आमच्याकडे या. तुमच्या डोक्याला मोकळं रान मिळेल."

"भाऊजी, तुम्ही तिथे नक्की करता तरी काय हो?"

"आम्ही कंपन्यांना दिशा देतो."

"आणि वाट चुकली तर?"

"तर नव्याने दिशा देतो. त्याचं बिल वेगळं."

तो हे गंमत म्हणून बोलत नव्हता. तिला तेच भयंकर वाटलं. पण तो गेल्यावर आवराआवर करताना तिने तोच विषय नवऱ्याकडे काढला. नवरा दातांचा डॉक्टर. त्याला प्रत्येक गोष्टीत दातच दिसत.

"दुखत असेल तर काढून टाक," तो म्हणाला. "पण नुसता कंटाळा आला म्हणून कोणी दात काढत नाही."

"दुखतंय की कंटाळा आलाय, तेच कळत नाहीये."

"मग ठोकून बघ."

म्हणून तिने रजा टाकली आणि एक दिवस दिरासोबत त्याच्या कामावर गेली. खुर्च्यांचा कारखाना होता. गाडीतच दिराने तिला समजावलं, "मालकांना मुलाला गादीवर बसवायचंय. पण मुलगी दुखावेल, म्हणून ते आपल्या तोंडून वदवायचं."

"म्हणजे तुम्ही भाड्याचं तोंड."

"वहिनी, शब्द जरा जपून!"

कारखान्यात तासभर फिरल्यावर तिला जे दिसायचं ते दिसलं. लाकूड ओलं आलंय, परत पाठवू का, हे मुकादमाने मुलीला विचारलं. ट्रक कुठल्या दाराला लावू, हे ड्रायव्हरने मुलीला विचारलं. मुलगा कपाळावर काळा चष्मा चढवून 'जागतिक खुर्ची' या विषयावर बोलत होता आणि दिराची माणसं भक्तिभावाने टिपून घेत होती. त्यातल्या एकानेही अजून एखाद्या खुर्चीवर बसून पाहिलं नव्हतं.

मग बैठक झाली. पडद्यावर नव्या कारभाराचा आराखडा आला. सगळ्यात वर, गोलात, मुलाचा फोटो. मुलगी खाली कडेला, ठिपक्यांच्या रेषेने जोडलेली. तिच्यापुढे लिहिलं होतं 'साहाय्य'. दीर 'काळाची गरज', 'नैसर्गिक नेतृत्व' असं बरंच बोलला. म्हातारे मालक समाधानाने मान डोलावत होते. तेवढ्यात त्यांचं हिच्याकडे लक्ष गेलं.

"बाई, तुम्ही बँकेतल्या ना? तुमचं काय म्हणणं?"

दुधाला उकळी येताना बघावं तसं दिराने तिच्याकडे बघितलं.

"कारखाना तुमची मुलगी चालवतेय," ती म्हणाली. "उद्या ती निघून गेली, तर आमच्या बँकेकडे कर्ज मागायला येऊ नका. मी नाही म्हणेन."

मुलाने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मुलीने पेनाला टोपण लावलं आणि खाली बघत राहिली. मालकांनी पाणी मागितलं.

परतताना दीर फुरंगटला. म्हणाला, "जे हळूहळू, महिनोन् महिने सांगायचं असतं, ते तुम्ही फुकटात बोलून टाकलंत!"

पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन आला. मालकांनी आराखडा जसाच्या तसा उचलला होता. मुलगा गोलात बसला, मुलगी ठिपक्यांना लटकली. "ती बाई मात्र पुन्हा नको," असा निरोपही होता.

"पण आमची नोकरी तुमच्यासाठी आहेच, वहिनी. फक्त तुम्हाला आतल्या खोलीत ठेवू. विचार तुम्ही करायचा, बोलायचं आम्ही."

"भाऊजी, आतली खोली माझ्याकडे आहेच. आणि तिला खिडकी आहे."

फोन ठेवल्यावर त्या मुलीचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. आपल्या बोलण्याने तिचं काहीच भलं झालं नव्हतं. तरी निदान त्या खोलीत, कोण कोणाला बाजूला सारतंय, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसलं होतं. बँकेत तेवढंही होत नाही, हे तिला कळलं. दुखत होतं ते नेमकं तिथे.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. "मला बाहेरून बोलावणं आलंय," एवढंच म्हणाली.

साहेबांना त्यात राजीनामा ऐकू आला आणि त्यांचा चेहरा उतरला. नकारघंटा गेली तर बुडालेल्या कर्जांबद्दल 'आम्ही सगळं तपासलं होतं' असं सांगायचं कोणाच्या जिवावर? त्यांनी घाईघाईने पगारवाढ देऊ केली आणि वर 'मुख्य सल्लागार' अशी पदवीही. ती खो खो हसली.

"पदवी नको. माझा नकार फिरवायचा असेल, तर फिरवणाऱ्याने खाली स्वतःचं नाव आणि कारण लिहायचं."

"अहो, त्यापेक्षा पगारवाढ घ्या ना!"

"तीही घेते."

साहेबांनी खूप आढेवेढे घेतले, पण अखेर वरून मान्यता आणली. आणि मग मजा झाली. लोकांचे ढीगभर पैसे डोळे मिटून वाटणारी समितीतली थोर मंडळी, नाव लिहायचं म्हटल्यावर चष्मे पुसून फाइली वाचू लागली. एकाला तर हात दुखू लागला. तिचे नकार नकारच राहू लागले.

बऱ्याच दिवसांनी एक फाइल 'हो' होऊन आली. खाली खुद्द साहेबांनी, वडिलांच्या नावासकट, ठसठशीत अक्षरात सही केली होती. वर दोन ओळींचं कारण. तिला ते अजिबात पटलं नाही. फाइल काखेत मारून ती तडक त्यांच्या खोलीत शिरली. दोघं कडाकडा भांडले. साहेब लालबुंद झाले, पण नाव काही त्यांनी खोडलं नाही. कर्ज मंजूर होऊन गेलं.

"साहेबांना आकड्यातलं ओ की ठो कळत नाही," तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. मग चपला काढता काढता म्हणाली, "पण माणूस अगदीच टाकाऊ नाही हं."