पाण्यात गेलेली पाटली

मित्रांनो, मी खेडजवळच्या एका वाडीतल्या विमलाच्या हातातली जुनी पाटली. लग्नात सासूबाईंनी, म्हणजे सगुणाबाईंनी, मला तिच्या हातात घातलं. सणाला बायका माझ्या वेलबुट्टीचं कौतुक करत. एरवी लावणीचा चिखल माझ्या खाचांत साचे, त्याकडे कोण बघणार?

म्हणूनच पॉलिशवाले दोघे आले तेव्हा सगुणाबाईंनी त्यांना ओटीवर बसवलं. त्यांनी आधी तांब्याची कळशी फुकटात लखलखीत करून दाखवली. मग विमलाने मला उतरवून दिलं. प्लास्टिकच्या डब्यातल्या पिवळसर पाण्यात त्यांनी मला सोडलं. उग्र वाफ उठली, सगुणाबाईंना ठसका लागला. माझी वेलबुट्टी विरघळत होती आणि मला ओरडता येत नव्हतं.

तेवढ्यात शेजारचे धाकू आले. नाव काय, गाव कुठलं, असं विचारत त्यांनी फोटो काढायला मोबाईल वर धरला. तसे दोघे डबा टाकून मोटरसायकलवरून पळाले. धाकूंनी काठीने मला बाहेर काढून धुतलं. मी हलकी, गुळगुळीत झाले होते. मुंबईला असलेल्या नवऱ्याला काय सांगायचं, म्हणून विमला रडू लागली आणि रागाने डबा परसात ओतायला निघाली.

"थांब गो," सगुणाबाई म्हणाल्या. "संदेशला येऊ दे."

संदेश हा त्यांचा धाकटा मुलगा. तो लोटे गावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. संध्याकाळी कंपनीच्या बसने आला आणि लांबूनच वास घेऊन म्हणाला, हे अम्लराज. नुसतं नायट्रिक आम्ल सोन्याला विरघळवत नाही, नुसतं हायड्रोक्लोरिकही नाही. दोन्ही एकत्र आली की एक सोन्याचे कण सुटे करतं आणि दुसरं त्यांना पाण्यात धरून ठेवतं.

"वहिनी, सोनं गेलं नाही. ते या पाण्यात आहे."

दुसऱ्या दिवशी तो डबा आणि मला खेडला नेलं. तिथल्या निलेश सोनारांनी ते पाणी धुराड्याखाली ठेवलं. आधी त्यातलं नायट्रिक घालवलं, मग हिराकशीचं, म्हणजे लोखंडाच्या हिरव्या क्षाराचं, पाणी ओतलं. तळाशी तपकिरी गाळ बसला. तो माझाच अंश होता, पण मलाही ओळखू आला नाही. मळ वेगळा काढणारा टाकणखार घालून आटवल्यावर त्याचा पिवळाधमक मणी झाला. तो ठोकून पट्टी केली आणि माझ्या आतून जोडली. वेलबुट्टी मात्र गेली ती गेलीच.

घरी आल्यावर विमलाने नवऱ्याला सांगायला फोन उचलला. सगुणाबाईंनी तो काढून घेतला आणि मुलाला सारं स्वतः सांगितलं.

"ओटीवर मी बसवलं त्यांना. तिला एक शब्द बोलायचं नाही."

मित्रांनो, मला उजळायला कोमट पाणी आणि साबण पुरे. दारावरच्या अनोळखी माणसाच्या हाती मला देऊ नका. पण घरातलं कोणी फसलंच, तर आधी त्याचे डोळे पुसा. मी पाण्यातून परत आले. टाकून बोललेला शब्द परत येत नाही.