आईसाठी संगणक

प्रज्योतने भिंतीवरचा जेवणाचा फलक खिळ्यावरून काढला, कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी कॉटखाली सरकवून दिला.

“फ्रेममध्ये येत होता,” तो म्हणाला. “आणि फार सफाईदार दिसतोय. कुणाकडून करून घेतलास?”

“केला असाच,” केसर म्हणाली.

“अलिबागला?”

त्याला उत्तर नकोच होतं. तोवर तो खिडकीचा पडदा सारखा करायला गेला होता. सुरमई थाळी, बोंबील फ्राय, तांदळाची भाकरी, कोपऱ्यात शहाळ्याचं चित्र, असा तो फलक केसरने स्वतः कितीतरी दुपारी खपून संगणकावर केला होता. तक्त्याच्या रेघा लपवायच्या कशा, एवढ्यावरच तिचा आठवडा गेला होता. पण आईच्या भिंतीवर काय टांगलंय हे वाचून बघावं असं कुठल्या मुलाला वाटतं? भिंत घरची, खिळा घरचा आणि आईही घरचीच.

काशीदच्या रस्त्याला लागून केसरचं घर होतं आणि मागे पर्यटकांसाठी दोन खोल्या. नवरा गेल्यापासून ती एकटीच त्या चालवत होती. प्रज्योत नवी मुंबईत नोकरीला. नोकरी सांभाळून तो इंटरनेटवर मराठीतून धडे टाकायचा, तेही फुकट मिळणाऱ्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरचे. लिबरऑफिसमध्ये अर्ज कसा लिहावा, जिम्पमध्ये काळवंडलेला फोटो कसा उजळावा, मरायला टेकलेल्या संगणकावर लिनक्स घालून त्याला पुन्हा कसं उभं करावं. त्यातली ‘आईसाठी संगणक’ ही माला चांगलीच गाजली होती. माझ्या आईला जसं शिकवलं तसंच तुम्हाला शिकवतो, असं तो प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला म्हणायचा. खाली लोक लिहायचे, तुमची आई भाग्यवान. मग लोकच मागे लागले, एकदा त्या आईला दाखवा. म्हणून आज तो मृणालीला घेऊन आला होता. मृणाली पनवेलची; त्याचं सगळं शूटिंग तीच करायची.

एरवी गणपतीतसुद्धा त्याला यायला जमलं नव्हतं.

“हां, आई, बस आता. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, स्क्रीनकडे बघायचं. आणि तुला काही येत नाही असं दिसलं पाहिजे.”

“बरं.”

“म्हणजे चुकायचं. लोकांना चुकलेलं आवडतं.”

मृणालीने कॅमेरा सुरू केला. लाल दिवा लागला आणि प्रज्योतचा आवाज साखरेत घोळल्यासारखा झाला.

“सावकाश, आई. काही घाई नाही. हा बाण दिसतो ना, तो हळूच वर ने. चुकलं तरी काही मोडत नाही.”

केसरने त्याच्याकडे चोरून पाहिलं. हा आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. पाहुण्यांची जेवणं उरकली की दुपारी भांड्यांचा ढीग तसाच ठेवून ती तो संगणकातून ऐकायची. त्याने तो कधीतरी शेजारी खुर्ची ओढून, दंडाला दंड लागेल इतक्या जवळ बसून ऐकवावा, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही नाही.

लॅपटॉप त्यानेच पाठवलेला, स्वतःचा जुना झाला तेव्हा. पहिल्याच आठवड्यात तिने फोन करून विचारलं होतं, मी लिहिलेलं सगळं गेलं कुठे?

“आई, एवढंही कळत नाही तुला? मी मीटिंगमध्ये आहे. माझे व्हिडिओ आहेत ना, ते बघ.”

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो ओरडला. तिसऱ्यांदा तिने फोन केला नाही. त्याने सांगितलं तसे व्हिडिओ बघितले. त्यांच्याखाली प्रश्न विचारायची सोय होती, पण आधी नाव द्यावं लागत होतं. केसरने थोडा विचार केला. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून तिची केसर केली होती. त्याआधी ती म्हसळ्याची रंगू होती. भाऊ तिला आक्का म्हणायचे, आईबाप तर केव्हाच गेले. रंगू म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मुलाला आईचं माहेरचं नाव ठाऊक नसणार याची तिला खात्रीच होती. कोण विचारतो ते? ‘रंगू, म्हसळा’ असं तिने एकेक अक्षर शोधून लिहिलं आणि तोच प्रश्न विचारला.

दिवेलागणीच्या आत उत्तर आलं. ‘रंगूताई, छान प्रश्न विचारलात. अजिबात लाजू नका.’ आणि खाली लहान मुलाला समजावावं तसं सगळं पायरीपायरीने.

केसरने ते पुन्हा पुन्हा वाचलं. तिला राग यायला हवा होता. आला, पण नंतर. आधी आनंदच झाला, आणि आनंद झाला याची लाज वाटली. त्यानंतर रंगूने किती प्रश्न विचारले याला गणती नाही.

“कट!” प्रज्योत म्हणाला. “आई, इतक्या पटकन कसा सापडला तुला तो मेनू? जरा शोध ना. डोकं वापर.”

दिवा विझला होता, म्हणून आवाज घरचा होता.

पुन्हा सुरू झालं. केसर आता नीट चुकायला लागली. भलत्याच ठिकाणी बाण नेला, लिहिलेली ओळ पुसून टाकली, शाळेतल्या पोरीसारखी जीभ चावली.

“असू दे,” तो म्हणाला. “आपण पुन्हा करू.”

तिने पुन्हा चुकवलं. तो पुन्हा म्हणाला, “असू दे.” मग त्याने तिच्या हातावर हात ठेवून माउस हळूच पुढे सरकवला. त्याचा तळवा गरम होता. अशा शंभर चुका करायला ती तयार होती. एवढ्यासाठी इतकी वर्षं थांबावं लागलं, याचा तिला त्याच वेळी संतापही आला, पण तिने हात काढला नाही.

“आता तू एकटीने तक्ता घाल बघू.”

तिने मुद्दाम ओळीच्या मधोमध तक्ता घातला. आणि तिथेच घात झाला. डाव्या हाताची दोन बोटं आपसूक कंट्रोल आणि झेड या चूक मागे घ्यायच्या कळांवर गेली आणि तक्ता आल्या वाटेने नाहीसा झाला.

मृणालीने कॅमेऱ्यावरून मान वर काढून पाहिलं.

“काय दाबलंस?” प्रज्योतने विचारलं.

“काय न्हाय रे. हात लागला.”

“बघितलंत?” तो कॅमेऱ्यासाठी हसला. “अशा गमती होतात. म्हणून धीर धरायचा.”

चहासाठी थांबले तेव्हा मृणाली केसरच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली.

“काकू, तुम्हाला सगळं येतं.”

केसरने आधणात साखर टाकली.

“तो फलकही तुम्हीच केलाय ना? शहाळ्याचा तो हिरवा रंग कुणी दुकानवाला देणार नाही.”

“बाय, त्याला सांगू नको,” केसर खालच्या आवाजात म्हणाली. “मना येतंय कळलं की उठंल तो. कवा नव्हं तो बाजूला बसलाय.”

“पण त्याला कळायला नको?”

“घे, कप घे. चहा निवंल.”

बाहेर प्रज्योत झोपाळ्यावर मोबाइल बघत बसला होता. कप घेताना त्याने मान वर केली नाही.

“आई, म्हसळ्याच्या रंगूताई म्हणून कुणी ओळखतेस? तुझ्या माहेरच्या आहेत म्हणून विचारतो.”

केसरने ट्रे खाली ठेवला.

“असंल कोनी. म्हसळा काय लहान हाय?”

“तुझ्याच वयाच्या असतील. शून्यापासून शिकल्या बघ. इतके नेमके प्रश्न विचारतात की मलाच कधीकधी शोधून सांगावं लागतं. तू त्यांच्यासारखं मनावर घेतलं असतंस ना, तर आज असं चाचपडावं लागलं नसतं.”

“खरं हाय.”

“आणि त्यांचा मुलगा बघ. मुंबईकडे असतो. काही विचारलं तर अंगावर येतो म्हणे. मी लिहिलं त्यांना, असा कसा मुलगा? आजपासून मला मुलगा समजा आणि कधीही विचारा.” त्याने चहाचा घोट घेतला. “असलीही मुलं असतात.”

मृणालीने कप न पिताच खाली ठेवला.

“असंल त्याला काम,” केसर म्हणाली.

“कसलं काम? आईसाठी दहा मिनिटं नाहीत?”

“मोठ्या नोकरीत असंल. दमत असंल.”

“तू कशाला त्याची बाजू घेतेस? ओळख ना पाळख!”

सगळं केसरच्या अगदी ओठांवर आलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान हे ती आयुष्यभर ऐकत आली होती, पण ते असं समोर झोपाळ्यावर बसून, पाय हलवत चहा पिईल असं तिला वाटलं नव्हतं. क्षणभर त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. मग तो उठून गेला असता, आणि रंगूताईंनाही पुन्हा कधी उत्तर आलं नसतं. तिने बशी पुढे केली.

“बिस्कीट घे.”

ऊन उतरायला लागलं तशी प्रज्योतची घाई सुरू झाली. रविवारचे पर्यटक परतायला लागले होते, रस्त्यावर गाड्यांची रांग वाढत चालली होती. त्याने वायरी गुंडाळायला घेतल्या.

“शेवटचा एकच शॉट. आई, आता कॅमेऱ्यात बघायचं आणि म्हणायचं, मला माझ्या मुलाने शिकवलं, एकदाही न रागावता.”

“येकदाही?”

“अगं, म्हणायचं असतं तसं. लोकांना बरं वाटतं.”

मृणाली कॅमेऱ्यामागे उभी होती, पण तिचा हात बटणावर जाईना.

“प्रज्योत, हे वाक्य राहू दे का?”

“का?”

ती केसरकडे बघत राहिली. केसरने मान हलवली, जेमतेम दिसेल न दिसेल अशी. नाही.

“लाव गं लवकर,” प्रज्योत म्हणाला. “नाहीतर रेवदंड्याच्या पुलावर अडकू.”

लाल दिवा लागला. केसरने पदर सारखा केला आणि काचेच्या त्या काळ्या डोळ्यात पाहिलं. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण बोलायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की खोटं असं काही बोलावंच लागणार नाही. रंगूची एकेक दुपार, एकेक उत्तर तिला आठवत होतं.

“माझ्या पोरानं शिकवलं मना,” ती म्हणाली. “कवा बी विचारलं, तवा सांगितलं. तोच तोच प्रश्न विचारला तरी येक डाव पन रागावला न्हाय. ताई, लाजू नका म्हनाला.” ती थांबली. मग पुढे म्हणाली, “पोटच्या पोरानं बी इतकं केलं नसतं.”

मृणालीने दिवा चालूच ठेवला होता.

मग प्रज्योत मोठ्याने हसला.

“अगं, पोटचाच आहे ना मी! आणि ताई काय? आई ग, तू पण ना!” त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि मृणालीकडे वळून उरलेली वायर मागितली. “ते ताईचं आणि शेवटचं वाक्य काप. बाकी काय बोललीय! कुणालाही खरं वाटेल.”