फक्त दाखवण्यासाठी

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षांपूर्वी महागड्या घड्याळांच्या एका बड्या दुकानात खास घड्याळाच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवलं होतं. हवं ते घड्याळ काचेआड समोर दिसायचं, पण मॅनेजर गोड हसून म्हणायचा, "मॅडम, ते फक्त दाखवण्यासाठी. आधी दुसरी एक-दोन घड्याळं घ्या, तुमचं-आमचं नातं अजून जुळायचंय." नातं जुळावं म्हणून बाईंनी नको असलेली दोन घड्याळं घेतली आणि नवऱ्याच्या गळ्यात मारली. तरी यादीतलं नाव काही पुढे सरकेना. फोन केला की तेच गुळगुळीत उत्तर. बाईंच्या डोक्यात नुसती तिडीक जायची.

आणि एका सकाळी दवाखान्याच्या दारात तोच मॅनेजर उभा! गाल टम्म फुगलेला, डोळ्यांत पाणी. "मॅडम, दाढ जीव घेतेय हो. आत्ताच्या आत्ता बघा."

आत खुर्ची रिकामीच होती. बाईंनी हातमोजे सावकाश चढवले आणि अगदी त्याच्यासारखं गोड हसल्या.

"ती खुर्ची फक्त दाखवण्यासाठी आहे," त्या म्हणाल्या. "आधी दोन चांगले दात काढून घ्या. नातं जुळलं, की दुखऱ्या दाढेचं बघू."