नांगर उचलायची जागा

“रोज जात राहा. पाऊल पडतंय तोवर ती वाट. पाऊल थांबलं की ते शेत.”

सासूने हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात जोर उरला नव्हता, सांगण्यात मात्र होता. शलबियाने मान डोलावून शब्द दिला. सासू जाऊन बरीच वर्षं झाली. पण आज उंबऱ्यावर बसून स्वतःच्या सुजलेल्या घोट्याकडे पाहताना तिला तो आवाज जवळून ऐकू येत होता.

“हा पाय आहे की भोपळा?” शेजारची नझीहा पीठ आणि अंडं कालवून घोट्यावर थापत म्हणाली. “काल नदीत घसरलीस, आज पुन्हा तिथंच तडफडायला जायचंय?”

“आज नांगर आहे.”

“मला सांगतेस? माझाच नवरा आहे ट्रॅक्टरवर. धड जेवलाही नाही काल. म्हणतो, शलबिया आली तर मालक फुगणार, नाही आली तर मलाच वाटेवरून नांगर घालावा लागणार.”

“त्याला म्हणावं, पोटभर जेव. मी येणार आहे.”

“बरं बाई. निदान रोजा तरी सोड, एक गोळी घे.”

“रोज्याचं आणि घोट्याचं काय वैर?” शलबिया हळूच हसली. गुरुवारचा रोजा हा तिचा नेम होता. असे दोनचार नेम तिने आयुष्यभर कुणाला न सांगता सांभाळले होते. बुचाची झाडं सोलणारा नवरा गेला, पोटी मूल राहिलं नाही. नेम तेवढे राहिले.

ऐन तूत गावात एक जुनी रीत आहे. शेतातून जाणारी वाट असेल, तर पेरणीआधीच्या पहिल्या नांगरटीच्या दिवशी दुपारच्या अजानआधी तिच्यावरून कुणी चालत यायला हवं. कुणी आलं, तर नांगरणाऱ्याने तिथे नांगर उचलायचा आणि वाटेपलीकडे टेकवायचा. कुणीच आलं नाही, तर वाट शेताची झाली. त्यावर भांडायचं नाही.

शलबियाची वाट गावाखालच्या रानातून उतरून नदी ओलांडायची. पलीकडच्या काठापासून जमीनमालक सी हमादींच्या शेतातून चढून टेकडीवरच्या एकुलत्या घरापाशी संपायची. त्या घरात सासूची धाकटी बहीण बेया राहायची. तिची नजर अधू झाली होती. शलबिया रोज भट्टीतली गरम रोटी घेऊन जायची, चार गोष्टी बोलून परतायची. ही वाट गेली, तर गाव बेयाला तुटलं. मग तिचा मुलगा तिला राजधानीला उचलून नेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. “तिसऱ्या मजल्यावर राहतो तो,” बेया म्हणायची, “तिथं माती बघायला कुंडीत डोकवावं लागतं.”

खरं तर या वाटेला माणसांचा तोटा पडायला नको होता. वसंतात शहरातली हौशी मंडळी डोंगर चालायच्या वाटा आखायला आली होती, हातात लाल रंगाचे डबे घेऊन. धबधबा बेयाच्या टेकडीमागेच, तिकडे जायला हीच वाट सरळ. पण त्यांनी गावात विचारलं, “धबधब्याकडे कुठून जायचं?” आणि प्रत्येक घराने वाट आपापल्या दारावरून दाखवली. पाहुण्याला न खाता पुढे जाऊ द्यायचं, ही ऐन तूतला मरणाची लाज! रंगवणारे दारोदार रोटी, तेल, अंजिरं खात गेले आणि खुणाही तशाच करत गेले. तेव्हापासून दर रविवारी काठ्या टेकत येणारी माणसं लाल खुणांमागे कोंबड्यांमधून गावभर फिरतात आणि शेवटी डांबरी रस्त्याने धबधबा गाठतात. नदीकडची वाट एकट्या शलबियाच्या पावलांवर राहिली.

तिने घोटा फडक्याने आवळला, नवऱ्याची काठी घेतली, अल्लाहचं नाव घेतलं आणि निघाली.

रानातला उतार तिने झाडं धरून संपवला. नदीपाशी मात्र ती थबकली. डोंगरात पाऊस झाला होता. पाणी ओलांडायच्या दगडांचे माथे तेवढे वर दिसत होते. दुखऱ्या पायाने त्यांवर उभं राहणं शक्य नव्हतं. पलीकडून ट्रॅक्टरची घरघर येत होती. सूर्य डोक्यावर येत चालला होता.

शलबिया पहिल्या दगडावर बसली. मग तान्ह्या पोरासारखी बसल्या बसल्याच दुसऱ्यावर सरकली. मग तिसऱ्यावर. मधल्या पाण्यात ती कमरेपर्यंत भिजली. रोटीचं गाठोडं तिने डोक्यावर धरलं होतं, तोंडाने तस्बीहचा जप चालू होता. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

शेताच्या कडेला सी हमादी ओकाच्या झाडाखाली उभे होते. तिला पाहून त्यांनी टोपी मागे सारली.

“लल्ला शलबिया!” ते म्हणाले; पुरुषाला मानाने ‘सी’ म्हणतात, तसं बाईला ‘लल्ला’. “पोहत आलात की काय?”

“सलाम, सी हमादी. पाय नव्हता, म्हणून बाकीची आले.”

ते हसले, पण लगेच गंभीर झाले. “सगळा देश तुमच्या गावात दारोदार चालतोय, आणि तुम्हाला चालायला माझंच शेत सापडतं! मी वाईट माणूस नाही हो. सलग जमीन मिळाली तर ऑलिव्ह लावीन म्हणतो.”

“लावा. बरकत येवो.”

“एक विचारू? परवा बेयाचा मुलगा भेटला. आज संध्याकाळी आईला न्यायला येतोय. तिने बोचकंसुद्धा बांधलंय म्हणे. मग सांगा, ही वाट आता कुणाकडे जाते?”

शलबियाला हे माहीत नव्हतं. कालच तर ती बेयापाशी बसली होती. बेया चकार शब्द बोलली नव्हती. ओलं लुगडं पायांना चिकटलं होतं आणि आता पहिल्यांदाच तिला थंडी वाजली. ट्रॅक्टर वळून वाटेच्या दिशेने येत होता. वर बसलेला नझीहाचा नवरा सालह मालकाकडे पाहत होता.

“सी हमादी,” ती हळू आवाजात म्हणाली, “वाट कुणाकडे जाते, हे रीतीत नाही. कुणी चालतंय का, एवढंच आहे.”

आणि ती चालू लागली. काठी, चांगला पाय, दुखरा पाय. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाठीमागे हमादींचा सुस्कारा ऐकू आला, मग त्यांचा आवाज, “उचल रे, सालह.”

बेया दारातच बसली होती. आत बाजेवर तिचे कपडे पसरले होते. बोचक्याची दोरी सुटून जमिनीवर पडली होती.

“खालती,” मावशीच्या नात्याने शलबिया म्हणाली, “हे काय? मला काल का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर पाय मोडून आली असतीस.”

“तशीच आलेय.”

बेयाने हात पुढे करून तिचा घोटा चाचपला आणि जीभ चावली. “मुलाला म्हटलं होतं, नांगर न उचलता गेला तर तुझ्याबरोबर येते. सकाळपासून कान लावून बसलेय. ट्रॅक्टर जड आवाजात येतो, जातो. मग मध्येच आवाज हलका झाला. नांगर हवेत असला की असा होतो ना? क्षणभरच. पुन्हा जड झाला.” ती थांबली. “तेव्हा गाठ सोडली.”

संध्याकाळी मुलगा आला. रोजा सोडायला त्याने आणलेला खजूर दोघींनी घेतला. “आई, तू फार हट्टी आहेस,” तो कुरकुरला. “मग तू कुणावर गेलास?” बेया म्हणाली. चहा पिऊन तो लांबच्या रस्त्याने एकटाच परत गेला.

शलबियाचा पाय आता जमिनीला टेकत नव्हता. “रोज पाऊल पडेल असा शब्द दिलाय मी, खालती. उद्याचं कसं?” तिने विचारलं. बेयाने तिच्या अंगावर गोधडी नीट घातली आणि म्हणाली, “झोप, पोरी.”

सकाळची नमाज झाल्यावर दाराची कडी वाजली. शलबिया कोपरावर उठून उघड्या दारातून पाहू लागली. गेलं वर्षभर अंगणाखाली न उतरलेली बेया काठी घेऊन बाहेर पडली होती. दोन्हीकडे काळी, नुकती फुटलेली माती आणि मध्ये नांगराने सोडलेला चिंचोळा पट्टा. बेया काठीने डावीकडे टोचत होती, मग उजवीकडे. मऊ लागलं की मागे घेत होती. टणक लागलं की एक पाऊल टाकत होती.

शलबियाने हाक मारली नाही. बेया नदीच्या दिशेने उतरत राहिली.