पाठ टेकायला समुद्र

मला समुद्रात उताणं पडायचं होतं. बाकी काही नको होतं. ती काचेच्या तळाची बोट नको, खोलीतला तो माझ्या स्वयंपाकघराएवढा टब नको, आणि टॉवेलची घडी घालून पलंगावर बसवलेला तो हंस तर मुळीच नको. त्याला मोडल्याशिवाय अंग पुसता येत नव्हतं आणि नात त्याला मोडू देत नव्हती.

मी रेनकोट शिवते. मशीनवर वाकून वाकून पाठीला असा बाक आलाय की पाठीवर झोपणं कधीच सुटलं. उताणी झाले की मान अधांतरी राहते आणि कळ थेट टाचेपर्यंत जाते. आढ्याकडे बघत पडणं म्हणजे काय, हे मी विसरूनच गेले होते. एकदा सूनबाई मला शेक देता देता म्हणाली, "आई, पाण्याला तुमचा बाक चालतो हो. तुम्ही फक्त अंग सोडायचं. मी शिकवते." ती लहानपणापासून पोहते. तिचं बोलणं माझ्या डोक्यात जे घुसलं ते घुसलंच.

मुलाला मात्र ते मुळीच पटलं नव्हतं.

"आई, तुला समुद्र बघायला आणलंय," तो विमानातच म्हणाला. "बघायचा. आत जायचं नाही."

"बघायला तर तो टीव्हीवरही दिसतो."

"या वयात हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या बॅगेत तळाशी काय होतं ते त्याला माहीत नव्हतं.

रिसॉर्टमध्ये पोचताच गळ्यात फुलांच्या माळा घालून आमचा फोटो काढला. मुलानं मला पुढं नातीशेजारी उभं केलं. "बुटकी मंडळी पुढं," म्हणाला. नातीनं डोक्यावर हात धरून मोजून बघितलं आणि जाहीर केलं, "आजी, मी तुझ्याहून उंच झाले!" सगळे हसले. मीही हसले, पण मनात म्हटलं, थांबा.

पुढचे दिवस हातातून वाळूसारखे गेले. आधी वारा सुटला आणि किनाऱ्यावर लाल झेंडा लागला. मग बोटीची सहल झाली. उरलेल्या वेळात मुलगा रोज सकाळी माझी खुर्ची छत्रीखाली मांडायचा, पाठीला उशी द्यायचा, हातात शहाळं द्यायचा आणि वर बजावायचा, "इथून हलू नकोस." इतकी काळजी की जीव नकोसा व्हावा. मी तिथं बसून दुसऱ्यांची पोरं पाण्यात पडलेली बघायची. खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटायचा आणि मुलाचा राग यायचा.

लाल झेंडा कधीच उतरला होता आणि आता शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी विमानतळावर नेणार होती. मी न्हाणीघरात जाऊन बॅगेतला ड्रेस चढवला आणि बाहेर आले. सूनबाईनं तोंडावर हात ठेवला.

"आई, हे काय?"

"पोहायचा ड्रेस. मीच शिवलाय."

बाजारातले ते अंगाला चिकटणारे कपडे मला जमणारे नव्हते. म्हणून रेनकोटचंच कापड घेतलं होतं, निळंशार. पाण्यात जायचं तर पाणी न शिरणारं कापड हवं, यात चूक काय? मनगटाला, घोट्याला, गळ्याला घट्ट इलॅस्टिक आणि सगळ्या शिवणी दुहेरी. माझ्या हातच्या रेनकोटात आजवर थेंब गेलेला नाही.

किनाऱ्यावर मुलगा खुर्ची मांडत होता. मी त्याच्या शेजारून सरळ पुढं गेले.

"आई! कुठं निघालीस?"

"उताणी पडायला."

"अगं, सांग ना हिला!" तो बायकोवर ओरडला.

"मीच शिकवणार आहे त्यांना," सूनबाई शांतपणे म्हणाली आणि माझा हात धरला. त्या क्षणी मला ती पोटच्या पोरीहून जवळची वाटली.

पाणी कोमट होतं. गुडघ्यापर्यंत ठीक, कमरेपर्यंत ठीक. छातीपर्यंत गेले आणि करायला गेले एक, झालं भलतंच. आतली सगळी हवा वर आली. पाणी आत येऊ नये म्हणून जे इलॅस्टिक लावलं होतं, ते हवेला बाहेर जाऊ देईना. खांदे फुगले, बाह्या फुगल्या, हनुवटी गळ्यातल्या फुग्यावर टेकली. मागं झोपू म्हटलं की ड्रेस मला पुन्हा उभं करायचा. किनाऱ्यावरच्या रक्षकानं शिट्टी मारली. नात पाण्यात हसून हसून पडायला आली होती.

मुलगा कपड्यांसकट आत धावला. "झाली ना हौस? चल आता बाहेर."

"नाही."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत की. बघायलाच आणलंय ना सगळ्यांना!"

मी मनगट तोंडाशी नेलं. धागा दातानं तोडायची सवय जन्माची, आणि दात अजून माझेच आहेत. स्वतःच घातलेली दुहेरी शिवण तोडणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा सुटेना, दुसऱ्यांदाही सुटेना. अशी चांगली शिलाई केल्याबद्दल मी स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. मग टाका तुटला, बोटानं इलॅस्टिक ओढून काढलं आणि हात वर केला. बाहीतून हवा अशा आवाजानं सुटली की मुलालाही हसू आवरेना. मग दुसरं मनगट.

ड्रेस चिंध्यांसारखा अंगाला चिकटला. आता मला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं आणि मला भीती वाटली. चांगलीच वाटली. पण उद्या गाडी येणार होती.

"अंग सोडा, आई," सूनबाई म्हणाली. तिचा तळवा माझ्या बाकाखाली होता. मी मान मागं टाकली. नाकात पाणी गेलं, ठसका लागला, उभी राहिले.

"पुरे," मुलगा म्हणाला.

"पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा ठसका. पुन्हा. आणि मग कधीतरी कान पाण्याखाली गेले, जगाचा आवाज बंद झाला आणि कळ आलीच नाही. मी वाट बघत होते तिची. मान कशावर तरी टेकली होती. पाठ टेकली होती. एकेक मणका सुटा होत गेला आणि वर नुसतं आभाळ होतं. मी रडत होते, पण तिथं कोणाला कळणार होतं?

मुलाचा चेहरा माझ्यावर वाकला. ओठ हलले. मी डोकं जरासं उचललं.

"काय म्हणालास?"

त्यानं माझ्या डोक्यापासून पायांच्या बोटांपर्यंत नजर नेली आणि परत आणली. त्याला जन्मापासून मी मशीनवर वाकलेलीच ठाऊक.

"आई," तो हळूच म्हणाला, "तू एवढी उंच आहेस?"

"आहे," मी म्हटलं, आणि डोकं परत पाण्यावर टेकवलं.