शिंपल्यांचा मार खाल्लेलं विमान

आज हवा पडली आहे. पानही हलत नाही. आभाळ न घासलेल्या तांब्यासारखं कळकट झालंय, आणि पेलिकन पक्षी सकाळपासून समुद्राकडे पाठ करून आत आत चाललेत. ही हवा मी ओळखतो. हिच्या पोटात वादळ असतं.

मी म्हणजे एक जुनं विमान, बाबांनो. अमेरिकेत, मिसिसिपी राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर, धावपट्टीच्या टोकाला गवतात उभा आहे. मला घडवलं माल वाहायला. पुढे पोटात यंत्रं बसवली आणि वादळात शिरायचं काम नशिबी आलं. बाकीची विमानं वादळ बघून पळतात; मी त्याच्याकडे तोंड करायचो. आत गेलं की नळकांडी खाली सोडायची. इवल्याशा छत्रीला लटकून ती खाली जाता जाता वारा किती, दाब किती, ते कळवायची. त्यावरून किनाऱ्यावर सांगायचं, कुणी घर सोडायचं ते.

लोक कौतुक करत असतील, असं वाटतं ना? छे! माझ्या कुंपणापलीकडे ओडील राहते. तिचा नवरा अल्सीड कोलंबीची बोट चालवायचा. तो माझ्या वैमानिकाला, रॉयसला, तोंडावर म्हणायचा, "झोपलेल्या कुत्र्याला तुम्ही काठीनं ढोसता, आणि ते चावतं कुणाला? आम्हाला!" दोघं एका शाळेतले, एका गल्लीतले. तरी बोलणं हे असं.

एका वर्षी आम्ही सांगितलं, निघा. गाव निघालं. वादळ ऐनवेळी वळलं आणि भलतीकडेच गेलं. लोक परत येऊन बघतात, तर अल्सीडची सगळी जाळी चोरीला. ओडीलनं अंगणातल्या कालवांच्या शिंपल्या ओंजळीनं उचलल्या आणि माझ्यावर फेकल्या. पंखाखाली खुणा आहेत अजून.

पुढच्या वर्षी त्याहून मोठं आलं. आम्ही आत शिरलो. पाऊस कसला, नुसती भिंत. ती फोडली की मधे वादळाचा डोळा, तिथं निवांत ऊन, आणि अडकलेले पक्षी गोल गोल फिरतायत. दुसऱ्या फेरीला समुद्राचं मीठ बसून माझं एक एंजिन गुदमरलं, बंद पडलं.

"रॉयस, पुरे झालं. परत फिर," वाट दाखवणारी व्हर्ना म्हणाली.

"डोळा सरकतोय, व्हर्ना. कुठं, ते बघितल्याशिवाय गाव कसं हलवू? अंदाजानं सांगितलं तर हसतील मला."

उरलेल्या एंजिनांवर आम्ही पुन्हा आत गेलो. डोळा आमच्याच गावाकडे वळला होता.

उतरल्या उतरल्या रॉयस घामट कपड्यांनी कुंपणाशी गेला.

"अल्सीड, बाबा, निघ."

"आलास का पुन्हा? माझी नवी जाळी कोण राखील, तुझी आजी?"

"एंजिन घालवून बघून आलोय रे!"

"मग बाकीचीही घालव. ओडील, दार लाव."

तिनं दार लावलं.

मला लगोलग दूरच्या तळावर नेलं. परत आलो, तेव्हा त्या घराच्या जागी नुसते खांब होते. ओडील ओकच्या फांदीला मिठी मारून वाचली. अल्सीड बोट बांधायला गेला, तो मिळालाच नाही. रॉयस तिच्यासमोर टोपी काढून उभा राहिला. ती म्हणाली, "तूच आणलंस ते." पुढं तो गाव सोडून गेला. माझी एंजिनं उतरवली. ओडीलनं तिथंच पुन्हा घर उभारलं, आणि येता-जाता शिंपली मारायचं सोडलं नाही. मला राग नाही. गारांचा मार खाल्ला, तसा हिचाही.

आज सकाळी नवं विमान तरण्या पोरांना घेऊन वादळाकडे गेलं. दुपारी भोंगा वाजला. गल्लीतल्या गाड्या निघाल्या. ओडीलचं दार तेवढं बंद. त्या दिवशीसारखंच बंद. मला हात असते तर ठोठावलं असतं. बाई, माझा राग कर, पण दार उघड, एवढंच मनात घोळत होतं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तिच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात शिंपली. कुंपणाशी आली. नेम धरला, मग हात खाली घेतला आणि शिंपली पिशवीत टाकली.

"निघालेय मी, मेल्या," ती म्हणाली. "आणि तुझ्या त्या पोरांचं खोटं निघालं ना, तर परत येऊन हीच तुला मारीन."